पार्श्वभूमी : धक्क्यावर मासळी मोजणारी माणसं

२०२३च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्राने सागरी मासळीच्या ५४ जातींसाठी किमान कायदेशीर आकारमान जाहीर केलं. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, घोळ ७००. याहून लहान मासा पकडला तर कारवाई. त्याच्या दोनच महिने आधी पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला होता, त्यामुळे बातम्यांत सगळी चर्चा पापलेटभोवतीच फिरली. केरळने हेच पाऊल २०१५ मध्ये १४ जातींपासून उचललं होतं आणि पुढे दोन वर्षांत यादी ५८ जातींवर नेली होती, हेही सांगून झालं. मात्र हे मिलिमीटर कोणी मोजले, कसे मोजले आणि मोजणारा माणूस नोकरीच्या कुठल्या पायरीवर उभा आहे, यावर फारसं कोणी बोललं नाही. मत्स्यजीवशास्त्रज्ञ आणि त्यांच्या हाताखालचे क्षेत्रकर्मचारी यांचा इतिहास समजून घेतल्याशिवाय हे आकडे समजत नाहीत.

आकडा कसा तयार होतो ते आधी पाहू. धक्क्यावर आलेल्या मासळीतून नमुना घ्यायचा, मोजपट्टी लावलेल्या फळीवर मासा ठेवायचा आणि लांबी घ्यायची. पापलेटची लांबी तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत. पापलेटच्या शेपटीची टोकं जाळ्यात आणि टोपलीत तुटतात, म्हणून शेवटापर्यंत न मोजता खाचेपर्यंत मोजायचं. मग वजन. मग पोट उघडून गाभोळी कोणत्या अवस्थेत आहे ते ठरवायचं. गाभोळी नुकती धरलेली, अर्धी भरलेली, पिकलेली की रिकामी झालेली, हे नजरेने ओळखावं लागतं. शंका असेल तर अंडी सूक्ष्मदर्शकाखाली मोजावी लागतात. असे शेकडो मासे, प्रत्येक महिन्यात, निदान एक-दोन वर्षं सलग पाहिले तर कोणत्या लांबीला निम्म्या माद्या प्रौढ होतात ते कळतं. जून-जुलैची मासेमारीबंदी असते तेव्हाही नमुने लागतातच, कारण पुष्कळ जातींच्या प्रजननाचा काळ तोच. यांत्रिक बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात, तेव्हा बिगरयांत्रिक होड्यांकडून मिळेल तेवढी मासळी पाहायची. पापलेट किंवा घोळ यांसारख्या महाग माशाचं पोट फाडू द्यायला कुठलाच मालक सहजी तयार होत नाही. तिथे उपयोगी पडते ती वर्षानुवर्षं त्याच बंदरावर जाणाऱ्या माणसाची ओळख. नाखवा, म्हणजे बोटीचा प्रमुख, आणि लिलावाला बसलेल्या मावशी ज्याला नावाने हाक मारतात, त्यालाच टोपलीत हात घालता येतो.

या व्यवसायाच्या दूरच्या भूतकाळात फार रेंगाळायचं कारण नाही. मद्रास इलाख्यात १९०७ मध्ये सरकारी मत्स्यकाम सुरू झालं. मुंबईसमोरच्या समुद्रात १९२१-२२ साली एका वाफेच्या ट्रॉलरने चाचणी मासेमारी केली. या काळातले जाणकार म्हणजे मुख्यतः प्रशासक आणि हौशी प्राणिशास्त्रज्ञ. पगारी मत्स्यजीवशास्त्रज्ञ ही जात खऱ्या अर्थाने फेब्रुवारी १९४७ नंतरची. केंद्राची सागरी मत्स्यसंशोधन संस्था तेव्हा मद्रासला सुरू झाली, पुढे मंडपमला आणि मग कोचीला गेली. पहिल्या पिढीचे बहुतेक शास्त्रज्ञ प्राणिशास्त्राचे पदवीधर होते. मासा त्यांना बाटलीतला माहीत होता, टोपलीतला नव्हता. कोळीवाड्यातली नावं, जाळ्यांचे प्रकार, डोल (प्रवाहात उभं करायचं खोळीसारखं जाळं) कुठे मारतात, कोणत्या भरती-ओहोटीला बोट परत येते, हे सगळं त्यांना धक्क्यावर कोणीतरी शिकवलं. ते शिकवणारे म्हणजे किनाऱ्याच्याच गावांतून भरती झालेले सर्वेक्षक आणि क्षेत्र सहायक.

या माणसांच्या कामाला शिस्त आली ती नमुना पाहणीच्या पद्धतीमुळे. देशाचा किनारा हजारो किलोमीटरचा, मासळी उतरवायच्या जागा शेकडो आणि बोटी कधी येतील याचा नेम नाही. सगळं मोजणं अशक्यच. म्हणून पन्नासच्या दशकात संख्याशास्त्रज्ञांनी थरांची यादृच्छिक नमुना पद्धत बसवली आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला ती देशभर लागू झाली. महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग करायचे. प्रत्येक भागातल्या पहिल्या पाच दिवसांतला एक दिवस चिठ्ठीने निवडायचा आणि तिथून पुढे दोन-दोन दिवसांचे तीन गट धरायचे. एका गटात एका बंदरावर पहिल्या दिवशी दुपारी १२ ते संध्याकाळी ६ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ते दुपारी १२ थांबायचं. मधल्या रात्री काय उतरलं ते चौकशी करून टिपायचं. १५ किंवा त्याहून कमी बोटी आल्या तर सगळ्या पाहायच्या, जास्त आल्या तर ठरावीक अंतराने निवडायच्या. नियम कागदावर एवढेच आहेत. ससून डॉकला पहाटे एकामागून एक ट्रॉलर लागत असताना, हमाल बर्फ ओढत असताना, ढिगात मांदेली किती आणि बारीक ढोमा किती याचा अंदाज उभ्या उभ्या घेणं हे मात्र नियमात लिहिता येत नाही. टोपलीवरून वजन सांगण्याची ही नजर तयार व्हायला वर्षं लागतात. पाहणीची सगळी गणितं या नजरेवर उभी आहेत, आणि हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही.

या इतिहासातला सर्वांत निर्णायक, आणि माझ्या मते सर्वांत कमी चर्चिला गेलेला, टप्पा १९७५चा आहे.

त्याआधी केंद्रीय कृषिसंशोधन व्यवस्थेत, जिच्यात सागरी मत्स्यसंशोधन संस्थाही मोडते, बढती रिकाम्या जागेवर अवलंबून असे. वरची जागा मोकळी झाली तरच खालचा वर जाणार, मग काम कितीही चांगलं असो. १९७२ मध्ये दिल्लीतल्या एका तरुण कृषिशास्त्रज्ञाने आत्महत्या केली आणि या व्यवस्थेतली घुसमट संसदेपर्यंत पोहोचली. चौकशी समिती नेमली गेली आणि तिचं अध्यक्षपद देशाच्या एका माजी सरन्यायाधीशांकडे आलं. ते जन्माने सातारचे, मराठी घरातले. पुढे स्वतंत्र भरती मंडळ झालं आणि १ ऑक्टोबर १९७५ पासून शास्त्रज्ञांची वेगळी सेवा अस्तित्वात आली. जागा रिकामी असो वा नसो, ठरावीक वर्षांनी कामाचं मूल्यमापन व्हावं आणि त्यावर बढती मिळावी, हे तिचं तत्त्व. शास्त्रज्ञांसाठी तो मोठाच दिलासा होता.

त्याच दिवसापासून तंत्रज्ञांची सेवाही वेगळी झाली. इथे गुंता आहे. कागदोपत्री हीदेखील सुधारणाच होती. तंत्रज्ञांनाही पाच-पाच वर्षांनी मूल्यमापन मिळालं, टी-१ पासून टी-९ पर्यंतची शिडी मिळाली, प्रयोगशाळेत भांडी धुणाऱ्या सहायकापेक्षा वेगळा दर्जा मिळाला. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ती शिडी तीन गटांत तोडलेली होती आणि गट ओलांडायला शैक्षणिक पात्रतेची अट आडवी येत असे. शास्त्रज्ञांच्या सेवेत जायचं तर खुल्या स्पर्धेतूनच, वयोमर्यादेच्या आत. त्यामुळे बंदरावर वीस वर्षं घालवलेला माणूस आणि नुकताच परीक्षा उत्तीर्ण होऊन आलेला तरुण यांच्यात कायमची भिंत उभी राहिली. प्रकल्प कोणी आखायचा, निष्कर्ष कोणी काढायचा, निबंधावर पहिलं नाव कोणाचं, हे भिंतीच्या एका बाजूला ठरलं. मोजणी दुसऱ्या बाजूला राहिली.

या विभागणीची बाजू घेणारे म्हणतात, भूमिका वेगळ्या असतील तर मूल्यमापनही वेगळंच हवं. आकडे गोळा करणाऱ्याला निबंधांच्या संख्येवर तोलणं अन्यायाचं ठरेल. मुद्दा बरोबर आहे. पण मासळीच्या बाबतीत संकलन आणि निष्कर्ष इतके सुटे नाहीत. ढिगातून कोणता मासा नमुना म्हणून उचलायचा, दोन सारख्या दिसणाऱ्या जाती वेगळ्या लिहायच्या की एकत्र, रात्रीच्या बोटीबद्दल नाखव्याने सांगितलेला आकडा कितपत धरायचा, हे प्रत्येक वेळी घेतलेले वैज्ञानिक निर्णयच असतात. ते चुकले तर पुढचं गणित कितीही नेमकं असलं तरी उत्तर चुकतं. माझं मत स्पष्ट आहे. शेतीच्या प्रयोगशाळा डोळ्यांसमोर ठेवून केलेली ही विभागणी बंदरावर जशीच्या तशी लावायला नको होती. १९७८ पासून निघणाऱ्या सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या माहितीपत्रिकेत किनाऱ्याला लागलेला देवमासा, अवेळी आलेले तारलीचे थवे किंवा अनोळखी मासा यांवर क्षेत्रकर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या नावाने टिपणं येत राहिली, ही त्यातली चांगली बाजू. त्या टिपणांत दिसणारी निरीक्षणशक्ती मोठ्या निबंधांपेक्षा कमी नाही.

ऐंशीच्या दशकात या माणसांचं महत्त्व आणखी वाढलं. थंड समुद्रांत माशाच्या कानातल्या खड्यावरची वर्तुळं मोजून वय काढतात. आपल्या समुद्रात ऋतूंचा फरक तेवढा तीव्र नसल्यामुळे वर्तुळं स्पष्ट उमटत नाहीत. म्हणून लांबीच्या वारंवारतेवरून, म्हणजे कोणत्या लांबीचे किती मासे मिळतात यावरून, वाढ आणि मृत्युदर काढायच्या पद्धती आल्या आणि नव्वदच्या दशकात त्यासाठी संगणक प्रणाली मिळाल्या. प्रणाली चालवणारा शास्त्रज्ञ कार्यालयात बसे, पण तिला लागणारी हजारो मोजमापं फळीवरूनच येत. माशाच्या साठ्याबद्दल आज जे काही ठामपणे सांगितलं जातं त्याचा बराच भाग या मोजमापांवर उभा आहे.

दरम्यान शिक्षण बदललं. १९६१ मध्ये मुंबईत सुरू झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आधी राज्यांच्या सेवेतल्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देत असे. १९८९ मध्ये ती अभिमत विद्यापीठ झाली. देशातलं पहिलं मत्स्यमहाविद्यालय १९६९ मध्ये मंगळूरला निघालं. आपल्याकडे रत्नागिरीजवळ शिरगावला ते १९८१ मध्ये आलं, आणि दोन हजार सालानंतर नागपूर आणि उदगीरला. समुद्र नसलेल्या भागांतली मुलं गोड्या पाण्याच्या मत्स्यशेतीसाठी इकडे वळली, हे चांगलंच झालं. पण मत्स्यविज्ञानाच्या पदवीला वेगळी ओळख हवी की प्राणिशास्त्राच्या पदवीधरांनाही त्याच जागांवर घ्यावं, हा वाद भरतीच्या प्रत्येक जाहिरातीबरोबर डोकं वर काढतो.

गेल्या काही वर्षांत घडामोडी वेगाने झाल्या. २०१९ मध्ये केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या पाहणीत महाराष्ट्राची सागरी मासळी २.०१ लाख टनांवर घसरली. त्याआधीच्या ४५ वर्षांतला तो नीचांक होता. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे स्वतःचे आकडे वेगळ्या पद्धतीने जमतात आणि केंद्राच्या आकड्यांशी जुळत नाहीत. एकाच समुद्राचे दोन हिशेब असल्यामुळे मच्छीमार संघटना, खातं आणि शास्त्रज्ञ आपापल्या सोयीचा आकडा पुढे करू शकतात. २०२० मध्ये केंद्राच्या नव्या मत्स्ययोजनेत ‘सागरमित्र’ हे पद आलं. देशभरातल्या ३,४७७ किनारी गावांसाठी कंत्राटी मानधनावर माणसं नेमायची, आणि रोजच्या मासळीची नोंद हेही त्यांचं एक काम. २०२१ मध्ये राज्याच्या सागरी मासेमारी कायद्यात दुरुस्ती झाली आणि नियमभंगाच्या प्रकरणांवर निर्णय द्यायचा अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आला. जीवशास्त्र शिकून आलेला अधिकारी आता सुनावणी घेतो आणि लाखांचे दंड ठोठावतो. त्याच्या शिक्षणात या कामाची तयारी जवळपास नाही.

किमान आकारमानाचा आदेश आला तो या पार्श्वभूमीवर. सर्वांत लहान प्रौढ मादी सापडते तो आकार धरायचा, की निम्म्या माद्या प्रौढ होतात तो, यावर शास्त्रातच दोन मतं आहेत. अनेक जाती एकाच जाळ्यात येणाऱ्या समुद्रात तडजोड अटळ असते. पापलेटवर जगणाऱ्या सातपाटीसारख्या गावांची बारीक पापलेट पकडू नका ही मागणी जुनी आहे. डोलवाल्यांची अडचणही खरी आहे. प्रवाहात उभ्या असलेल्या खोळीत काय शिरेल ते त्यांच्या हातात नसतं आणि वर काढेपर्यंत मासा मेलेला असतो. आकाराच्या नियमासोबत जाळ्याच्या आसाचा, म्हणजे छिद्राच्या आकाराचा, नियमही तितक्याच जोरात राबवला तरच बारीक मासा वाचेल.

असे आकडे दर काही वर्षांनी तपासून पाहावे लागतात. समुद्राचं तापमान आणि मासेमारीचा दाब बदलला की मासा लहानपणीच प्रौढ होऊ लागतो, आणि ते कळायला त्याच बंदरावरची, त्याच पद्धतीने घेतलेली सलग मोजमापं लागतात. वहीची जागा आता टॅबने घेतली आहे, नोंदी त्याच दिवशी मुख्यालयात पोहोचतात. पण निवृत्त होणाऱ्या जुन्या क्षेत्रकर्मचाऱ्यांच्या जागा वेळेवर आणि कायमस्वरूपी भरल्या जात नाहीत. मासळी मत्स्यविज्ञानाचे पदवीधर मोजत आहेत, पण पुष्कळदा ठरावीक मुदतीच्या करारावर. नाखव्याची ओळख होईपर्यंत त्यांचा करार संपतो.