ठेका धरणारा मेंदू

जन्मून दोन-तीन दिवस झालेली, झोपलेली बाळं. कानाशी ड्रमचा साधा ठेका चालू आहे आणि डोक्यावरचे इलेक्ट्रोड मेंदूतले विद्युत संकेत टिपताहेत. मधूनच एखादा आघात गाळला जातो. दुय्यम आघात गाळला तर फारसं काही घडत नाही. समेचा गाळला की मात्र इथे काहीतरी यायला हवं होतं, असा संकेत बाळाच्या मेंदूत उमटतो. इश्तवान विंक्लर, हेंक्यान होनिंग आणि सहकाऱ्यांचा हा प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. गर्भात आईच्या हृदयाचे ठोके कानावर पडलेले असतात, तेव्हा ही जाण पूर्णपणे उपजत आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. तरीही मान सावरता येण्याच्या कितीतरी आधी मेंदू पुढच्या आघाताची वाट पाहू लागतो, हे मला विलक्षण वाटतं.

विलक्षण अशासाठी, की आपल्या जवळच्या नातलगांना हे सहजी जमत नाही. ऱ्हिसस माकडांवर अशीच चाचणी केली, तेव्हा गाळलेल्या समेची त्यांच्या मेंदूने वेगळी दखल घेतल्याचं दिसलं नाही. मेट्रोनोमबरोबर, म्हणजे एकसारख्या गतीने ठोके देणाऱ्या यंत्राबरोबर, बोट टेकवायला शिकवलेलं माकड सहसा ठोका ऐकतं आणि मग टेकवतं. माणसाचं बोट ठोक्याच्या किंचित आधीच पडतं.

स्नोबॉल नावाच्या काकाकुव्याला मात्र ताल सापडला होता. गाण्याची गती बदलली की तोही, सतत नसलं तरी अधूनमधून, नव्या गतीशी डोलणं जुळवून घ्यायचा. अनिरुद्ध पटेल यांनी त्याआधीच एक तर्क मांडला होता: ऐकलेल्या आवाजाची नक्कल करून जे प्राणी शिकतात, त्यांच्या मेंदूत कान आणि हालचाल यांची घट्ट जोडणी झालेली असते आणि ताल धरणं हे तिचंच फळ आहे. पोपटवर्गाला आणि माणसाला ही नक्कल येते, माकडांना येत नाही. तर्क देखणा होता. पण २०१३ मध्ये रोनन नावाची सी लायन (सीलसारखा समुद्री सस्तन प्राणी) मादी तालावर अचूक मान हलवताना दिसली, आणि तिची जात आवाजाच्या नकलेसाठी मुळीच ओळखली जात नाही. म्हणजे तालाची वाट एकच नसावी.

सुरांचं प्रकरण आणखी निराळं. चाल पट्टी बदलून गायली तरी आपण ती लगेच ओळखतो, कारण आपण स्वरांमधली अंतरं ऐकतो. गाणारा पक्षी असूनही स्टार्लिंग इथे अडखळतो; शिकवलेली सुरावट वर किंवा खाली सरकवली की त्याला ती सहसा ओळखू येत नाही.

मग हे सगळं माणसात आलं कशासाठी? डार्विनने १८७१ मध्ये जोडीदाराला रिझवण्याकडे बोट दाखवलं. कुणी अंगाईकडे पाहतं, कुणी समूहाला बांधून ठेवणाऱ्या सहगायनाकडे. स्टीव्हन पिंकर यांनी तर १९९७ मध्ये संगीत हे इतर क्षमतांचं निव्वळ उपउत्पादन ठरवलं. नैऋत्य जर्मनीत गिधाडाच्या हाडाची सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीची बासरी सापडली आहे, पण त्याआधीच्या गळ्यांचा माग कसा काढणार? गाण्याचा जीवाश्म होत नाही. माझ्या मते या वादात एक गोष्ट निसटते: संगीताची जाण हा एकसंध गुण धरून त्याचं एकच कारण शोधलं जातं.

ती एकसंध नाही, याचे पुरावे माणसांतच आहेत. काहींना जन्मतःच सुरांमधला बारीक फरक कळत नाही, पण त्यांच्यातल्या अनेकांना ठेका धरता येतो. याच्या उलट, सूर नीट ओळखणाऱ्या पण गाण्यातला ठेका न सापडणाऱ्या व्यक्तीची नोंद २०११ मध्ये झाली. आणि २०२२ मध्ये सहा लाखांहून अधिक लोकांच्या जनुकीय माहितीत, ताल धरण्याशी संबंध असलेल्या ६९ जागा सापडल्या. त्यांतल्या प्रत्येकीचा वाटा अगदी लहान आहे, आणि या जनुकीय वारशाचा काही भाग श्वसन आणि शरीराच्या हालचालींशी निगडित गुणांमध्येही आढळतो.