सिस्टर, कसंतरी होतंय

ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या वॉर्डात ‘काउंट पडलेत’, म्हणजे रक्तपेशींची संख्या घटली, हे शब्द सतत कानावर येतात. केमोची औषधं अस्थिमज्जेतल्या कर्कपेशी मारतात, पण तिथेच तयार होणाऱ्या निरोगी रक्तपेशीही त्या माऱ्यात सापडतात. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी एरवी रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये १५०० हून जास्त असतात. तीव्र मायलॉइड ल्युकेमिया या प्रकारात सात दिवस सायटॅराबिन आणि त्यातले तीन दिवस डॉनोरुबिसिन ही केमोची औषधं दिली, की त्या ५०० च्या खाली जातात आणि काही आठवडे खालीच राहू शकतात.

या काळात जंतुसंसर्ग झाला तरी पू धरत नाही, लाली-सूज फारशी दिसत नाही, कारण ते सारं घडवणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात. बहुतेकदा ताप तेवढा दिसतो. एकदाच ३८.३ अंश सेल्सिअस भरला किंवा ३८ तासभर टिकला, तर ती आणीबाणी. तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. काही वेळा तर तापही नसतो. रुग्ण नुसतं म्हणतो, “सिस्टर, कसंतरी होतंय.” ते ऐकून लगेच नाडी, रक्तदाब, श्वास बघणारी आणि डॉक्टरांना बोलावणारी परिचारिका जीव वाचवू शकते. रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवणं ही मला शुश्रूषेतली सगळ्यात मोठी माया वाटते.

पुढचं आधी सांगून ठेवणं हीसुद्धा मायाच. डॉनोरुबिसिन लालभडक असतं आणि त्यानंतर एक-दोन दिवस लघवीही लालसर होते. हे माहीत नसलेला माणूस रक्त जातंय म्हणून हादरतो. सलाईन लावतानाच कुणी सांगितलं, तर ती रात्र सुखाची जाते. लिम्फोब्लास्टिक या दुसऱ्या प्रकारच्या ल्युकेमियाच्या मुलांना स्टेरॉइड देतात. मग मूल सारखं खायला मागतं, चिडतं, रडतं. हे औषधामुळे होतंय, हे कळलं की आई लेकरावर रागावत नाही.

तोंड येतं तेव्हा पाणी गिळणंही नकोसं होतं. मऊ ब्रश, मीठ-सोड्याच्या गुळण्या आणि जेवणाआधी वेदनाशामक, एवढ्यानेही दोन घास पोटात जातात. रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट्स कमी असताना स्नायूत इंजेक्शन टाळतात, सुई काढल्यावर जागा जास्त वेळ दाबून धरतात.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात लांबून आलेली अनेक कुटुंबं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. अशा खोलीत मध्यरात्री थंडी वाजून आली, तर निर्णय घरच्यांनाच घ्यावा लागतो. म्हणून रुग्णाला सोडताना नुसता कागद हातात देऊन भागत नाही. थर्मामीटर नातेवाइकाकडून वाचून घ्यावा. आधी ताप मोजायचा, पॅरासिटामॉल देऊन तो दडपायचा नाही आणि सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं, हे त्याच्याच तोंडून पुन्हा वदवून घ्यावं.