चौकात रस्ता ओलांडायला वेळ का लागतो

जगातला पहिला वाहतूक सिग्नल पायी चालणाऱ्यांच्या सोयीसाठी उभा राहिला होता. डिसेंबर १८६८मध्ये लंडनच्या पार्लमेंटबाहेर, घोडागाड्यांच्या गर्दीतून लोकांना रस्ता ओलांडता यावा म्हणून. गॅसचा तो दिवा महिन्याभरात फुटला आणि प्रयोग तिथेच बारगळला. १९१४मध्ये क्लीव्हलंडला विजेचा सिग्नल लागला तोवर मोटारी आल्या होत्या. पुढे चौकाचा सगळा हिशोब त्यांच्याच सोयीने होऊ लागला.

१९५८मध्ये ब्रिटनमध्ये वाहतूक संशोधक वेबस्टर यांनी दिलेल्या सूत्रात हा हिशोब स्वच्छ दिसतो. दर फेरीत, म्हणजे सगळे दिवे एकदा लागून होईपर्यंत, दिवे बदलताना वाया जाणाऱ्या सेकंदांची दीडपट करून त्यात ५ मिळवायचे आणि त्याला १ वजा एकूण भार (चौकाच्या क्षमतेचा वाहनांनी व्यापलेला हिस्सा), याने भागायचे. आले सिग्नलच्या एका फेरीचे सेकंद. वाया जाणारे १२ सेकंद आणि भार ०.८ असेल तर फेरी ११५ सेकंदांची, भार ०.६ असेल तर ५८ सेकंदांची. या सूत्राने वाहनांचा खोळंबा कमीत कमी होतो. पादचाऱ्यांचा त्यात धरलेलाच नाही. ११५च्या फेरीत चालणाऱ्यांना १० सेकंद हिरवा दिला, तर सरासरी ४८ सेकंद थांबावे लागते. ५८च्या फेरीत २०. एवढा वेळ ताटकळलेला माणूस लाल दिव्यातच निघतो, हे ओघाने आलेच. त्यावर कित्येक शहरांनी कडेला रेलिंग ठोकली. लंडनच्या केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवर २००३च्या सुमारास ती काढली, तेव्हा जखमींची संख्या वाढण्याऐवजी घटली.

खरी मेख मात्र कोपऱ्यात आहे. मोटारींना वेग न सोडता वळता यावे म्हणून कोपऱ्यांच्या गोलाईची त्रिज्या वाढवत नेली गेली. १० मीटर रुंद रस्ता आणि ३ मीटरचा फूटपाथ घ्या. कोपऱ्याची त्रिज्या १२ मीटर असेल, तर फूटपाथच्या मधल्या रेषेत सरळ चालणाऱ्याला साडेबावीस मीटर डांबर ओलांडावे लागते. ४ मीटर असेल तर बारा. सेकंदाला १.२ मीटर चालीने हा फरक सुमारे नऊ सेकंदांचा. हे सेकंद सिग्नलच्या फेरीतूनच काढायचे, म्हणजे फेरी आणखी लांबणार.

दुसरी वाट नेदरलँड्सने धरली. १९७१मध्ये तिथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यात चारशेहून अधिक मुले होती. पालकांचे आंदोलन आणि १९७३चा तेलाचा तुटवडा एकदमच आले. पुढच्या दशकांत घडत गेलेल्या चौकात सायकल ट्रॅक मोटारींच्या रस्त्याच्या कडेपासून साधारण ५ मीटर आत घेतलेला असतो आणि कोपऱ्यावर छोटे बेट असते. वळलेली मोटार सायकलस्वाराला जवळपास काटकोनात पाहते, आणि मागची वाहतूक न अडवता एक मोटार तिथे थांबू शकते. अमेरिकेत असा चौक २०१५मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस शहरात झाला. मँचेस्टरने २०२०मध्ये सायकलींना बाहेरून गोल फिरवले आणि पादचाऱ्यांना आत घेतले.

अशा चौकांची नक्कल करताना चुका ठरलेल्या. कर्बची, म्हणजे फूटपाथच्या कडेची, त्रिज्या ४ मीटर ठेवतात, पण शेजारी पार्किंगची पट्टी मोकळी सोडतात. चालक तिच्यावरून वळतो आणि प्रत्यक्ष त्रिज्या पुन्हा मोठी होते. बस किंवा ट्रकसाठी कोपरा रुंद करण्यापेक्षा चढता येईल अशी खडबडीत दगडी कड बरी. लहान मोटारी तिला टाळतात. बेट २ मीटरपेक्षा अरुंद असेल तर थांबलेल्या सायकलचे चाक रस्त्यावर येते. रंग आणि बोलार्ड (छोटे खांब) लावून आधी चाचणी घ्यावी, पण त्यात पाण्याचा उतार कळत नाही. रस्ता ओलांडण्याची पट्टी उंच केली की ती बांधासारखी पाणी अडवते, म्हणून गटाराची जाळी उताराच्या वरच्या बाजूला सरकवावी लागते. हे राहून गेले की पहिल्याच पावसात रॅम्पच्या तोंडाशी डबके साचते आणि लोक बाजूने, वळणाऱ्या गाड्यांच्या वाटेतून जातात.