ग्लुटेन पोटात गेल्यावर

जेवून तास-दोन तास होतात न होतात तोच पोट तट्ट फुगतं, मळमळतं, कळा येतात, आणि मग उलटी नाहीतर जुलाब. सिलिअ‍ॅक आजार असलेल्या अनेकांच्या पोटात चुकून ग्लुटेन गेलं की हेच घडतं. जगात साधारण शंभरातल्या एकाला हा आजार असतो. अशा वेळी ‘आता काय घेऊ म्हणजे हे थांबेल?’ असं प्रत्येक जण विचारतो. गिळलेलं ग्लुटेन निष्प्रभ करणारं खात्रीचं औषध आज नाही, हे आधी स्पष्ट सांगायला हवं. पण त्रास हलका नक्कीच करता येतो.

ग्लुटेन हे गहू, बार्ली आणि राय (गव्हासारखं एक धान्य, मोहरी नव्हे) यांतलं प्रथिन. त्यात प्रोलीन आणि ग्लुटामीन ही अमिनो आम्लं इतकी ठासून भरलेली असतात, की आपल्या पाचकरसांना त्याचे पुरते तुकडे करताच येत नाहीत. ३३ अमिनो आम्लांचा एक तुकडा तर जठरातल्या आणि आतड्यातल्या सगळ्या विकरांना पुरून उरतो. हे तुमच्या-माझ्या, सगळ्यांच्याच पोटात होतं आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. सिलिअ‍ॅकमध्ये मात्र असे तुकडे आतड्याच्या अस्तरात शिरतात. तिथलं ट्रान्सग्लुटामिनेज हे विकर त्यांत किंचित बदल करतं आणि ठरावीक जनुकं असलेल्या माणसाच्या पांढऱ्या पेशी त्यांना शत्रू समजून चवताळतात. इंटरल्यूकिन-२ हे दाहाचा संदेश देणारं रसायन काही तासांतच रक्तात वाढलेलं दिसतं. म्हणजे हे साधं अपचन नव्हे. पाचक गोळ्यांनी ते आटोक्यात येत नाही ते यामुळेच. ग्लुटेन तोडणाऱ्या विकरांच्या कॅप्सूल मिळतात, पण त्यांच्या भरवशावर ब्रेड खाणं धोक्याचं आहे.

मग करायचं काय? पहिलं काम पाणी. उलट्या-जुलाबांत पाण्याबरोबर क्षारही जातात, म्हणून जलसंजीवनी घोट घोट घ्यावी. एकदम पेलाभर प्यायली की ती उलटून पडते. भूक लागेल तेव्हा मऊ भात, उकडलेला बटाटा, केळं असं साधं खावं. दूध काही दिवस बाजूला ठेवलेलं बरं. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज रसांकुरांच्या, म्हणजे आतड्याच्या आतल्या बारीक लवेच्या, टोकाशी तयार होतं आणि दाहात आधी तीच टोकं झिजतात. पोटावर गरम पाण्याची पिशवी, भरपूर झोप. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं टाळावीत, ती जठराला आणखी डिवचतात. बहुतेकांचा त्रास काही तासांत किंवा फार तर काही दिवसांत ओसरतो. शौचातून रक्त, ताप, पाणीही पोटात न ठरणं, लघवी अगदी कमी होणं, यांतलं काही दिसलं तर अंगावर काढू नका. श्वास लागला, ओठ किंवा घसा सुजला तर ती गव्हाची ॲलर्जी असू शकते. मग एक मिनिटही न दवडता इस्पितळ गाठायचं.

खरा उपाय पथ्यच. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. नेदरलँड्समधल्या १९४४-४५च्या भीषण अन्नटंचाईत ब्रेड मिळेनासा झाला तेव्हा हा आजार असलेली मुलं सुधारली आणि ब्रेड परत आल्यावर पुन्हा ढासळली. १९५०च्या प्रबंधात त्यांनी गव्हाचा संबंध मांडला. पथ्य किती काटेकोर लागतं पाहा: ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण २ ग्रॅम ग्लुटेन असतं आणि दिवसाला १० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असं मानतात. म्हणजे स्लाइसचा दोनशेवा भाग! ब्रेडवर फिरवलेली सुरी लोण्याच्या डब्यात परत बुडवली की तेवढा चुरा सहज जातो. वारंवार त्रास होणाऱ्याने आधी आपला टोस्टर, सुरी आणि सॉसच्या बाटलीवरचं लेबल तपासावं.

पण ब्रेड खाऊन पोट बिघडणारा प्रत्येक जण सिलिअ‍ॅकचा रुग्ण नसतो. गव्हात फ्रुक्टान नावाची कर्बोदकंही असतात. ती मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या तावडीत सापडली की वायू धरतो. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओस्लोतल्या एका अभ्यासात, सिलिअ‍ॅक नसलेल्या पण ग्लुटेन सोसत नाही असं सांगणाऱ्या ५९ जणांना कशात काय आहे ते न कळू देता ग्लुटेन, फ्रुक्टान किंवा यांतलं काहीच नसलेले बार दिले. सर्वांत जास्त त्रास फ्रुक्टानने झाला. अशा माणसाला कांदा-लसूणही बाधू शकतो, आणि ग्लुटेनमुक्त पाकिटांवर तो उगाच पैसे घालवत राहतो.

म्हणून निदानाआधी गहू सोडू नका, ही माझी कळकळीची विनंती. सिलिअ‍ॅकची रक्तचाचणी ट्रान्सग्लुटामिनेजविरुद्धची प्रतिपिंडं मोजते. गहू बंद केला की ती हळूहळू उतरतात, रसांकुरही भरून येऊ लागतात, आणि आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. आधीच सोडला असेल तर डॉक्टर काही आठवडे तो पुन्हा रोज खायला सांगतात आणि मग रक्त तपासतात. ते दिवस फार त्रासाचे जातात.