‘को-को’पूर्वीचा चार्ली पार्कर

न्यूयॉर्कमध्ये २६ नोव्हेंबर १९४५ रोजी सॅव्हॉय कंपनीसाठी ‘को-को’ ही जाझ रचना ध्वनिमुद्रित झाली, तेव्हा अल्टो सॅक्सोफोन वाजवणारा चार्ली पार्कर अवघा २५ वर्षांचा होता. तिच्यातली बीबॉप ही नवी जाझशैली अनेक श्रोत्यांना आकाशातून पडल्यासारखी वाटली, त्याला एक रुक्ष कारणही होते. ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकल्यामुळे, ही शैली आकाराला येत असतानाचे फारसे काही तबकड्यांवर उतरलेच नाही.

पार्करचा जन्म २९ ऑगस्ट १९२० रोजी कॅन्सस राज्यातील कॅन्सस सिटीत झाला, पण तो वाढला शेजारच्या मिसुरी राज्यातील त्याच नावाच्या मोठ्या शहरात. तेथे टॉम पेंडरगास्ट या राजकारण्याच्या वरदहस्तामुळे मंदीच्या काळातही क्लब रात्रभर चालत आणि वादकांच्या हाताला काम असे. आई रात्री वेस्टर्न युनियनच्या कार्यालयात साफसफाईला जाई आणि मुलाची पावले क्लबांकडे वळत.

१९३६ मध्ये रेनो क्लबमधील एका खुल्या मैफलीत हा पोरगा वाजवता वाजवता भरकटला, तेव्हा ड्रमवादक जो जोन्स याने आपली झांज काढून जमिनीवर फेकली. सांगोवांगीत ती झांज थेट पार्करच्या डोक्यावर भिरकावली जाते. बासवादक जीन रेमीच्या आठवणीप्रमाणे मात्र ती त्याच्या पायाशी आदळली. हसे व्हायचे ते झालेच. पुढच्या उन्हाळ्यात ओझार्क भागात एका वाद्यवृंदाबरोबर काम करताना त्याने सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगच्या तबकड्या ऐकून त्यातील सोलो (एकट्याने वाजवलेले तुकडे) घोटून घेतले. तीन-चार वर्षे आपण दिवसाला ११ ते १५ तास रियाज करत होतो आणि त्या आवाजाने वैतागलेल्या शेजाऱ्यांनी आईला घर सोडायला सांगण्याची धमकी दिली होती, असे त्याने १९५४ च्या मुलाखतीत सांगितले. हिशेब थोडा फुगवलेला असेलही; शेजाऱ्यांचा वैताग खोटा वाटत नाही.

१९३९ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला आणि जिमीज चिकन शॅकमध्ये भांडी घासू लागला. पियानोवादक आर्ट टेटम तेथेच वाजवत असे, त्यामुळे ती नोकरी तशी वाया गेली नाही. त्याच मुक्कामात गिटारवादक बिडी फ्लीटबरोबर ‘चेरोकी’ हे लोकप्रिय गाणे वाजवताना, कॉर्डच्या (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या समूहाच्या) वरच्या अंगाचे स्वर घेऊन त्यांवर चाल बांधता येते, हे त्याला उमगले. पियानोवादक जे मॅकशॅनच्या वाद्यवृंदातून १९४१ मध्ये त्याच्या पहिल्या तबकड्या निघाल्या. पुढे अर्ल हाइन्सच्या वाद्यवृंदात ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीची साथ मिळाली, पण तेव्हा ध्वनिमुद्रणावरचा बहिष्कार चालू होता.

‘को-को’ बांधले आहे ते याच ‘चेरोकी’च्या कॉर्डवर. त्या दिवशीच्या पहिल्या प्रयत्नात वादक ‘चेरोकी’ची मूळ चाल वाजवू लागले आणि वादन मध्येच थांबवले गेले. तो अर्धवट तुकडा आजही ऐकायला मिळतो.