भाडेकराराची नोंदणी: अकरा महिन्यांचा नोटरीचा कागद का पुरत नाही, आणि रीतसर अर्ज कसा करायचा

घर भाड्याने देताना महाराष्ट्रात अजूनही सर्रास ऐकू येतं, 'अकरा महिन्यांचा करार आहे ना, मग नोटरी करून टाकू, नोंदणी कशाला?' एजंट सांगतो, घरमालकाला पटतं, भाडेकरूला खर्च वाचल्यासारखा वाटतो. आपल्या राज्यात हा सल्ला चुकीचा आहे, आणि वाद झाला की त्याची किंमत बहुतेक वेळा घरमालकालाच मोजावी लागते.

हा समज कुठून आला ते आधी पाहू. नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं बंधनकारक आहे. म्हणून वर्षाच्या आत बसणारा अकरा महिन्यांचा करार करायची पद्धत देशभर पडली. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाल्यापासून, म्हणजे ३१ मार्च २००० पासून, इथे वेगळा नियम आहे. या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरत्या वापराच्या परवानगीचा) कोणताही करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, मग मुदत अकरा महिन्यांची असो की तीन वर्षांची. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

शिक्षेपेक्षाही महत्त्वाची गोष्ट याच कलमात पुढे आहे. नोंदणीकृत करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. भाडं किती, मुदत किती, डिपॉझिट किती, हे सगळं सिद्ध करण्याचं ओझं मालकाच्या डोक्यावर येतं. नोटरीचा शिक्का सही कोणी केली एवढंच सांगतो. तो नोंदणीची जागा घेत नाही.

लायसन्स म्हणजे नक्की काय दिलं जातं

लिव्ह अँड लायसन्समध्ये घराचा हक्क दिला जात नाही, फक्त ठरलेल्या मुदतीपुरती वापराची परवानगी दिली जाते. त्यामुळे मुदत संपली की घर रिकामं करून देणं परवानगीदारावर, म्हणजे बोलीभाषेतल्या भाडेकरूवर, बंधनकारक असतं. राहण्यासाठी दिलेल्या घराबाबत भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ ने मालकाला एक जलद वाट दिली आहे. मुदत संपूनही ताबा मिळाला नाही तर नेहमीच्या दिवाणी न्यायालयात न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत भाडेकरूने प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी घ्यावी लागते, आणि मुदतीनंतर राहिल्याबद्दल दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. लेखी करारात जे नमूद आहे ते इथे निर्णायक पुरावा मानलं जातं.

म्हणूनच करारात वापर 'निवासी' असा स्पष्ट लिहा. दुकान, गोदाम किंवा ऑफिससाठी दिलेल्या जागेला ही कलम २४ ची सोय मिळत नाही. राहत्या घरात क्लास किंवा छोटा व्यवसाय चालणार असेल तर ते आधीच बोलून करारात घ्या, नंतर त्यावरून तंटा नको.

भाडेकरूलाही नोंदणीची तितकीच गरज आहे. डिपॉझिट किती दिलं, कोणत्या मार्गाने दिलं, परत कधी मिळणार, हे एकदा सरकारी दस्तात आलं की मालकाला शब्द फिरवता येत नाही. बँकेत पत्ता बदलणं, गॅस कनेक्शन, मुलांची शाळा, घरभाडे भत्त्याची करसवलत, अशा कामांनाही नोंदणीकृत करार उपयोगी पडतो.

कोण करू शकतं

करार लिहून देणारा घराचा मालक हवा, किंवा त्याने रीतसर कुलमुखत्यारपत्र दिलेली व्यक्ती हवी. घर दोघांच्या नावावर असेल तर दोघांनाही पक्षकार करा. नवरा-बायकोच्या संयुक्त फ्लॅटमध्ये एकाच्याच सहीने करार करायची सवय फार आहे, ती सोडायला हवी. मालक वारले असतील आणि वारसांची नावं अजून लागली नसतील, तर भाडेकरूने वारसा कागदपत्रं मागून घ्यावीत. मालक परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्राची प्रत पाहूनच पुढे जावं, आणि त्यात घर भाड्याने देण्याचा अधिकार शब्दांत लिहिलेला आहे का हे वाचावं.

ऑनलाइन नोंदणीसाठी दोन्ही पक्षांकडे आधार हवं, कारण ओळख तिथूनच पटवली जाते. ज्यांच्याकडे आधार नाही त्यांनी दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत्यक्ष जावं. त्या मार्गाने सही केलेला दस्त सहीच्या तारखेपासून चार महिन्यांच्या आत सादर करावा लागतो, नाहीतर दंड पडतो.

कागदपत्रं

दोन्ही बाजूंचं आधार आणि पॅन लागतं. मिळकतीसाठी घरपट्टीची पावती, वीजबिल किंवा खरेदीखताचा सूची क्रमांक २ (सगळे 'इंडेक्स टू' म्हणतात तो) यांपैकी जे असेल ते हाताशी ठेवा. सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, इमारतीचं नाव, मजला, फ्लॅट क्रमांक आणि क्षेत्रफळ हे त्यातूनच भरायचं असतं. पक्षकारांची ओळख पटवणारे दोन ओळखदार लागतात, तेही आधारसह. भाडेकरूने सूची क्रमांक २ किंवा घरपट्टीची पावती स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. समोर बसलेला माणूस खरंच मालक आहे का, हे तपासण्याचा याहून सोपा उपाय नाही. डिपॉझिटचे पैसे देण्याआधी हे करा, नंतर नव्हे.

खर्च कसा काढायचा

साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते तीन गोष्टींच्या बेरजेवर लागतं: संपूर्ण मुदतीचं भाडं, परत न मिळणारी रक्कम घेतली असेल तर ती, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज. हे व्याज कोणी कोणाला द्यायचं नसतं, ते फक्त शुल्काच्या हिशोबापुरतं धरतात.

समजा, भाडं महिना २०,००० रुपये, मुदत २४ महिने, डिपॉझिट १,००,००० रुपये. भाड्याची बेरीज ४,८०,००० होते. डिपॉझिटवर दोन वर्षांचं धरलेलं व्याज २०,०००. एकूण ५,००,००० वर ०.२५ टक्के म्हणजे १,२५० रुपये. पोर्टलवर पूर्णांक करताना रकमेत थोडा फरक पडू शकतो. याशिवाय नोंदणी फी शहरी भागात १,००० रुपये आणि ग्रामीण भागात ५०० रुपये, आणि दस्त हाताळणीचं शुल्क वेगळं. घरी येऊन काम करून देणारे अधिकृत सेवा पुरवठादार किंवा एजंट आपली फी वर लावतात. त्यांच्याकडून सरकारी शुल्क किती आणि त्यांचं किती, असा वेगवेगळा हिशोब मागा आणि चलानाची प्रत घ्या.

हा खर्च कोणी करायचा, हे आपसात ठरवायचं. बऱ्याच ठिकाणी निम्मा निम्मा वाटून घेतात. जे ठरेल ते करारात लिहा.

हिशोब पाहिला की एक गोष्ट लक्षात येते. नोंदणी फी दर करारामागे ठरलेली आहे, मुदतीबरोबर ती वाढत नाही. दोघांचं पटत असेल तर दर अकरा महिन्यांनी नवा करार करण्यापेक्षा २४ किंवा ३६ महिन्यांचा एकच करार केलेला स्वस्त पडतो. दरवर्षीची भाडेवाढ त्यातच लिहिता येते, आणि मधेच घर सोडायचं असेल तर नोटिशीची अट असतेच. अकरा महिन्यांचा हट्ट धरण्यात महाराष्ट्रात काहीच फायदा उरलेला नाही.

ऑनलाइन अर्ज

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या, म्हणजे आयजीआर महाराष्ट्रच्या संकेतस्थळावर लिव्ह अँड लायसन्सच्या ई-नोंदणीची सोय आहे. संगणक, वेबकॅम आणि बोटाचा ठसा घेणारं यंत्र असेल तर हे काम घरबसल्या होतं. यंत्र नसेल तर सेवा पुरवठादाराला बोलवावं लागतं, आणि बहुतेक लोक तेच करतात.

जिल्हा निवडून नवीन नोंद सुरू केली की टोकन क्रमांक मिळतो. तो आणि पासवर्ड लिहून ठेवा, अर्धवट राहिलेला अर्ज त्याच्याच आधारे पुन्हा उघडतो. मग मिळकतीची माहिती, दोन्ही पक्षांची माहिती, भाडं, डिपॉझिट, मुदत आणि अटी भरायच्या. कराराचा मसुदा तयार झाला की शांतपणे, दोघांनी मिळून वाचावा. नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणे आहे का, फ्लॅट क्रमांक आणि विंग बरोबर आहे का, सुरुवातीची आणि शेवटची तारीख जुळते का, डिपॉझिटचा आकडा अक्षरांत आणि अंकांत एकच आहे का, हे तपासा. बोटाचे ठसे दिल्यावर चूक लक्षात आली तर ती सुधारणं त्रासाचं होतं.

मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी ई-चलानाने ऑनलाइन भरायची. मुद्रांक शुल्क सही होण्याआधीच भरलेलं बरं. त्यानंतर दोन्ही पक्षांचे आणि ओळखदारांचे फोटो आणि ठसे घेतले जातात. मालक मुंबईत आणि भाडेकरू नागपुरात असेल तरी प्रत्येकाचे ठसे त्याच्या जागी घेता येतात, एकाच टेबलाशी बसण्याची गरज नाही.

ठशांपाशी बरेचदा अडतं. वयस्कर माणसांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, आणि काहींनी सुरक्षिततेसाठी आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवलेलं असतं, ते विसरलेलं असतं. आदल्या दिवशी एमआधार ॲपवर लॉक उघडा. आजी-आजोबांच्या नावावर घर असेल तर आधार केंद्रात बायोमेट्रिक अद्ययावत करून घ्या. त्यांना पुन्हा पुन्हा बोट दाबायला लावून ओशाळं करू नका.

दस्त सादर झाला की दुय्यम निबंधक तो तपासतात. त्रुटी असेल तर शेरा मारून परत येतो, सगळं बरोबर असेल तर नोंदणी होऊन दस्त आणि सूची क्रमांक २ डाउनलोड करता येतो. दोघांनीही आपापली प्रत जपून ठेवावी.

नोंदणीनंतरची कामं

भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणं हे मालकाचं काम आहे. अनेक शहरांत पोलीस आयुक्तांचे तसे आदेश असतात आणि ते मोडले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली कारवाई होऊ शकते. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ही माहिती ऑनलाइन भरता येते. पोचपावती ठेवा.

सोसायटीच्या बाबतीत बराच गैरसमज आहे. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार फ्लॅट भाड्याने देण्यासाठी सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचं आणि कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. सोसायटी बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं) घेऊ शकते, पण ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, असा सरकारचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे. सेवा शुल्क धरताना महापालिकेचे कर त्यातून वगळायचे. मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, आई-वडील यांना घर राहायला दिलं असेल तर हे शुल्क लागत नाही. अविवाहित म्हणून किंवा जातधर्म पाहून घर नाकारण्याचा कमिटीचा हट्ट उपविधींत कुठेही बसत नाही, आणि तो मुकाट सहन करण्याचं कारण नाही.

कराबद्दल थोडक्यात. वार्षिक भाडं एक लाखाच्या वर असेल आणि जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सवलत घ्यायची असेल, तर मालकाचा पॅन द्यावा लागतो. महिन्याचं भाडं ५०,००० पेक्षा जास्त असेल तर भाडेकरूला २ टक्के टीडीएस कापून भरावा लागतो, त्याचा पगार किंवा व्यवसाय कितीही लहान असो. मालक अनिवासी भारतीय असेल तर टीडीएसचे नियम वेगळे आणि कडक आहेत, तिथे सनदी लेखापालाला विचारून घ्या.

डिपॉझिटबद्दल 'दोन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही' असं बरेच जण सांगतात. ती मर्यादा केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातली आहे, आणि तो राज्यांसाठीचा नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. म्हणून रक्कम ठरवताना घासाघीस करा, आणि ती बँकेतूनच द्या.

घर विकायचं असेल तर

भाडेकरू राहत असलेलं घर विकायला काढताना खरेदीदाराला नोंदणीकृत करार दाखवा. मुदत कधी संपते हे कागदावर दिसलं की व्यवहार अडत नाही. भाडेकरूने मात्र हे जाणून असावं की भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५९ प्रमाणे घर विकलं गेलं की नवा मालक जुन्या लायसन्सला आपोआप बांधील राहत नाही. त्यामुळे घर विकायचं झाल्यास किमान एक-दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी आणि डिपॉझिट विक्रीआधी परत करावं, अशी अट करारातच घालून घ्या. लॉक-इनची मुदत (ज्या काळात करार मधेच मोडता येत नाही) टाकणार असाल तर ती दोघांवर सारखीच बंधनकारक असेल असं लिहा.

घर सोडताना चाव्या कोणत्या तारखेला दिल्या, वीज मीटरचं रीडिंग किती होतं, डिपॉझिटमधून काय कापलं आणि का, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा, आणि उरलेली रक्कम त्याच दिवशी खात्यात जमा करून घ्या. करार मुदतीआधी संपत असेल तर तेही त्याच कागदावर तारखेसह नमूद करा.