प्राग फिरायला स्वस्त, पण राहायला?

"प्राग स्वस्त, व्हिएन्ना महाग." हे वाक्य कानावर आलं की मी आधी विचारतो, किती दिवसांसाठी? चार दिवसांसाठी असेल तर बरोबर आहे. चार वर्षांसाठी असेल तर साफ चूक, आणि ही चूक ऐकून कुणी नोकरीचं शहर ठरवायला लागलं की मला राहवत नाही.

फिरण्याचं तुम्हाला ठाऊकच आहे. हॉटेल, जेवण, ट्राम, सगळं प्रागला कमी पैशांत होतं. दोन्ही शहरं शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर होतात, मधला रेल्वेप्रवास साधारण चार तासांचा. मुक्काम प्रागला जास्त ठेवा, व्हिएन्नाला कमी, आणि रेल्वेचं तिकीट काही आठवडे आधी काढा. आयत्या वेळी तेच खूप महाग पडतं. प्रागमध्ये रस्त्यावर गाठणाऱ्या माणसाकडून पैसे बदलून घेऊ नका. व्हिएन्नात बाटलीबंद पाणी विकत घेऊ नका, तिथे नळालाच 1873 पासून डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी येतं. पर्यटकाला एवढं पुरे.

राहणाऱ्याचं गणित वेगळं, कारण तो पगारही तिथलाच घेतो. ऑस्ट्रियातले पगार झेकपेक्षा बरेच जास्त, आणि बहुतेक नोकऱ्यांत वर्षाला चौदा पगार मिळतात. वर्षाचा ट्रामचा पास प्रागलाच स्वस्त आहे, हे कबूल. पण पासावर शहर निवडू नये. शहर निवडावं घरावर.

प्रागने 1989 नंतर पालिकेची बहुतेक घरं विकून टाकली, आणि 2012 च्या अखेरीपर्यंत जुनं भाडेनियंत्रणही उठलं. पगाराच्या मानाने घर न परवडणाऱ्या युरोपीय देशांत झेकचं नाव आज वरच्या ओळीत असतं. व्हिएन्नाने 1923 मध्ये खास कर लावून घरं बांधायचा मोठा कार्यक्रम हाती घेतला आणि ती घरं जपली. आज सुमारे 2,20,000 घरं पालिकेच्या मालकीची आहेत. त्यांना गेमाइंडेबाउ म्हणतात.

इथेच खरा घोटाळा होतो. "व्हिएन्नात सरकारी घर मिळतं" असं ऐकून लोक निघतात. पुण्याहून नुकत्याच आलेल्या माणसाला ते मिळत नाही. शहरात दोन वर्षांचं नोंदलेलं वास्तव्य लागतं, आणि युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकाला साधारणपणे दीर्घकालीन निवासाचा परवाना, म्हणजे किमान पाच वर्षांची वाट. मग नवख्याला व्हिएन्नाचा उपयोग काय?

उपयोग आहे तो दुसऱ्याच नियमाचा, आणि त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. 1945 पूर्वीच्या भाड्याच्या इमारतींतल्या बऱ्याचशा खासगी घरांना कायद्याने ठरलेला दर लागतो. त्याचं नाव रिष्टवेर्ट. एप्रिल 2023 मध्ये व्हिएन्नासाठी तो चौरस मीटरमागे महिन्याला 6.67 युरो होता. जागा, सोयी यांप्रमाणे त्यात वाढ किंवा घट होते, आणि करार मुदतीचा असेल तर 25 टक्के वजावट मिळते.

पागडीची सवय असलेल्या आपल्या माणसाला हे पटकन उमगत नाही. मुंबईत पागडीचं गोठलेलं भाडं जुन्या भाडेकरूच्या पदरात पडतं. आज आलेला बाजारभावच देतो. व्हिएन्नात मर्यादा त्या घराला चिकटलेली असते, त्यामुळे काल विमानातून उतरलेल्यालाही लागू होते. पारपत्र कुठलं, हे कुणी विचारत नाही.

घरमालक मात्र हे आपणहून सांगत नाही. माझ्या पहिल्या घराचं भाडं मी दोन वर्षं गुपचूप भरलं, कराराकडे नीट पाहिलंही नाही. तुम्ही तसं करू नका. इमारत कोणत्या सालची, हे सही करण्याआधी विचारा. नव्या खासगी इमारतींना आणि जुन्या इमारतीच्या पोटमाळ्यावर नंतर बांधलेल्या घरांना हा दर लागत नाही. भाडं जास्त वाटलं तर पालिकेच्या भाडेतंटा कार्यालयाकडे अर्ज करता येतो. करार मुदतीचा असेल तर तो संपल्यानंतरही सहा महिने ही वाट खुली असते, म्हणजे घर सोडून किल्ल्या परत केल्यावरसुद्धा.